एसएसआरमध्ये "फेडरेटेड सर्चिंग टूल्स : होय" लिहिलंय, पण ते आहे कुठे?

शेल्फवाली | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतेच. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे, लागून दीड वर्ष झालं. माझ्या आधीचे सर तीस वर्षं होते आणि अख्खी लायब्ररी त्यांच्या डोक्यात होती. आता नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, पुढची सायकल जवळ आली म्हणून आयक्यूएसीच्या (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या) मॅडमनी मागचा एसएसआर, म्हणजे कॉलेजानं नॅकला दिलेला स्वयंअध्ययन अहवाल, हातात ठेवला, म्हणाल्या यावरून नवीन माहिती भर. त्यात चौथ्या निकषात लायब्ररीचा तो जुना तक्ता आहे बघा, ओपॅक (वाचकांसाठीचा ऑनलाइन कॅटलॉग), ई-जर्नल्सचं पॅकेज, लायब्ररीची वेबसाइट वगैरे, आणि मधेच एक ओळ, अनेक डेटाबेसमधले लेख एकदम शोधायला फेडरेटेड सर्चिंग टूल्स. पुढे स्वच्छ अक्षरात "होय".

होय तर होय, पण कुठंय? मी सगळे कॉम्प्युटर धुंडाळले, फायली काढल्या, बिलं बघितली, काही नाही. शेवटी सरांनाच फोन लावला तर म्हणाले, "अगं एन-लिस्ट आहे ना आपल्याकडं, तेच ते." (एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ई-जर्नलं, ई-पुस्तकं उघडून देणारी योजना.) मला काही पटलं नाही. एमलिबला (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला) यावर पाच मार्कांची टीप होती, ती पाठ करून लिहिली आणि विसरले, प्रत्यक्षात असलं काही कधी वापरलेलंच नाही.

त्यात प्राचार्यांनी कुठल्याशा सेमिनारला बघितलं आणि आता त्यांना "गुगलसारखा एकच डबा" पाहिजे, त्यात टाइप केलं की पुस्तकं, जर्नलं, प्रश्नपत्रिका सगळं यायला हवं. एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, झकास दिसलं, पण क्वोटेशन आलं ते माझ्या वर्षाच्या पुस्तक खरेदीपेक्षा जास्त. आमच्याकडं कोहा (लायब्ररीचं मुक्त सॉफ्टवेअर) आहे, २६ हजार पुस्तकं, त्यातली निम्म्याच्या वर मराठी, एन-लिस्ट आहे, डीस्पेसवर (डिजिटल फायली साठवायचं सॉफ्टवेअर) जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. बाकी मी आणि एक परिचर.

तर हे फेडरेटेड सर्च म्हणजे खरं काय, एन-लिस्ट त्यात बसतं का, आणि विकत न घेता हातानं करून बघत शिकायला काही आहे का? तीन क्वोटेशन मागवायच्या आधी निदान मला तरी कळू दे की मी काय मागतेय.


कपाट_नंबर_७ | सोमवार, रात्री १०:३५

मॅडम, प्रश्न अजिबात बावळट नाही. त्या ओळीपुढं कितीतरी कॉलेजांनी असंच होय ठोकलंय, तुम्ही निदान शोधायला तरी गेलात.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीतून रिटायर झालो, आमच्याकडं हे प्रकरण खरोखर आलं होतं म्हणून सांगतो. समजा साहेबांना एका माणसाची सगळी कागदपत्रं पाहिजेत आणि ती पाच खात्यांत आहेत. साहेबांनी पाच शिपाई एकदमच पाठवले. प्रत्येक खात्याचा अर्जाचा नमुना वेगळा, त्यामुळं एकच प्रश्न पाच पद्धतीनं लिहून दिला, ते लिहून देणारं जे असतं त्याला कनेक्टर म्हणतात. पहिला क्लार्क म्हणतो माझ्याकडं १,४०० कागद आहेत, हे वरचे २० घेऊन जा. दुसरा, तिसरा, चौथा तसंच. पाचवा क्लार्क चहाला गेलेला. साहेब अर्धा मिनिट थांबतात आणि म्हणतात असू दे, आलंय ते दाखवा. आता हे ८० कागद एका गठ्ठ्यात लावायचे तर वर कुठला ठेवायचा? प्रत्येक क्लार्कनं आपापल्या मनानं लावलेले, का तसे लावले ते सांगितलेलं नाही, आणि मागं राहिलेल्या १,३८० मध्ये काय होतं ते शिपायानं बघितलेलंच नाही. हे झालं फेडरेटेड सर्च. प्रश्न त्या क्षणी सगळीकडं जातो, उत्तरं त्या क्षणी गोळा होतात, स्वतःजवळ काही साठवलेलं नसतं.

दुसरी पद्धत अशी की सगळ्या खात्यांच्या फायलींची सूची आधीच आणून एका खोलीत लावून ठेवायची, ठरावीक दिवसांनी नवीन नोंदी घालायच्या आणि साहेबांनी विचारलं की त्या एकाच खोलीत बघायचं. उत्तर पटकन येतं, क्रमही नीट लावता येतो. ही झाली डिस्कव्हरी सर्व्हिस. २००९ साली समन नावाची अशी सेवा आली, मागोमाग एब्स्को कंपनीची आणि प्रायमो सेंट्रल, आणि पहिल्या पद्धतीची हवा गेली. तुम्हाला जो डेमो दाखवला तो बहुधा या दुसऱ्या जातीचा असणार, पण आपल्याकडचे विक्रेते दोन्हीला फेडरेटेडच म्हणतात कारण एसएसआरमधल्या त्या ओळीत तो शब्द होता.

आमची गंमत ऐका. साधारण २००८ असेल, आम्ही एक घेतलं, नाव घेत नाही. उद्घाटनाला समई, हार, कुलगुरूंनी स्वतः एक शब्द टाइप केला. चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंय. दोन डेटाबेसची उत्तरं आली, तिसऱ्यानं सांगितलं की तुमचे एका वेळचे वापरकर्ते संपले, कारण परवाना होता पाच जणांचा आणि आमचं हे यंत्र प्रत्येक शोधाला एक जागा अडवत होतं. खाली वाचनकक्षात बसलेली पोरं तो डेटाबेस उघडत नाही म्हणून ओरडत होती ती वेगळीच. कंपनीचा माणूस म्हणाला नेटवर्क स्लो आहे. कुलगुरू म्हणाले छान छान, आणि चहाला गेले.

विद्यार्थ्यांनी महिनाभर वापरलं असेल. गुगल स्कॉलर २००४ पासून होतंच, ते अर्ध्या सेकंदात उत्तर देतं, मग आमच्या चक्राकडं कोण बघत बसतंय.


कोहावाला | मंगळवार, सकाळी ७:५०

सरांनी शिपायाचं लई भारी सांगितलं. पण शेल्फवाली मॅडम, एक गोष्ट सांगू का, तुम्ही फेडरेटेड सर्च रोज वापरताय. खरंच.

नवीन पुस्तक आलं की कोहात कॅटलॉगिंगला जाता, तिथं झेड ३९.५० चं (दुसऱ्या लायब्ररीच्या कॅटलॉगला विचारायच्या प्रोटोकॉलचं) बटण दाबता, आयएसबीएन टाकता, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि आणखी दोन-तीन सर्व्हरवर टिक करता, आणि मग खाली एक एक करत रेकॉर्ड येतात. एखादा सर्व्हर बंद असला तर लाल अक्षरात रडतो, बाकीचे येत राहतात. हेच ते! एक प्रश्न, अनेक ठिकाणी, त्या क्षणी. फरक एवढाच की हे स्टाफच्या बाजूला आहे आणि पुस्तकांच्या रेकॉर्डसाठी आहे, प्राचार्यांना हवंय ते वाचकांच्या बाजूला आणि लेखांसाठी.

शिकायचं असेल तर तिथूनच सुरू करा, एक रुपया लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये झेड ३९.५० आणि एसआरयू सर्व्हर असं पान आहे, तिथं बघा प्रत्येक सर्व्हरला पत्ता, पोर्ट आणि डेटाबेसचं नाव लागतं. या प्रोटोकॉलचं ठरलेलं पोर्ट २१० आहे. हा प्रोटोकॉल वेबच्याही आधीचा, पहिली आवृत्ती १९८८ ची. वेब यायच्या आधी लोकांनी ठरवलं की एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याचा कॅटलॉग कसा विचारायचा, आणि गंमत म्हणजे त्यात प्रत्येक फील्डला नंबर दिलेत, शीर्षक ४, आयएसबीएन ७, विषय २१, लेखक १००३. म्हणजे तुम्ही "लेखक" म्हणून शोधलं की तारेवरून १००३ जातो आणि पलीकडचा सर्व्हर १००३ म्हणजे त्याच्याकडचं जे काय असेल ते शोधतो. पलीकडच्यानं तो नंबर भलत्याच इंडेक्सला जोडला असेल तर उत्तर भलतंच. फेडरेटेड सर्चमध्ये निम्मी भांडणं इथं असतात, स्क्रीनवर कधी दिसत नाहीत.

आणि एन-लिस्ट म्हणजे फेडरेटेड सर्च नाही हो. एन-लिस्ट म्हणजे परवाना आणि लॉगिन, म्हणजे कुठल्या प्रकाशकांचं काय उघडता येईल ते. आत गेल्यावर नावांची यादी मिळते, पण लेखाच्या आत शोधायचं तर त्या त्या प्रकाशकाच्या साइटवर जाऊन वेगवेगळंच शोधावं लागतं. तुमच्या आधीच्या सरांचं "तेच ते" म्हणजे वाड्याची किल्ली दाखवून वाडा आमचा म्हटल्यासारखं आहे.

विकत न घेता करायचं असेल तर पाझपार२ म्हणून आहे, मुक्त सॉफ्टवेअर, इंडेक्स डेटाचं, ज्यांचं झेब्रा हे शोधयंत्र तुमच्या कोहाच्या पोटात आहे. एकदम शेकडो झेड ३९.५० सर्व्हर विचारतं आणि एकसारख्या नोंदी एकत्र करून दाखवतं. दुसरा रस्ता व्हूफाइंड, अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठानं केलेलं. तुमचं कोहा आणि डीस्पेस दोन्ही ओएआय-पीएमएच (नोंदी बाहेर देण्याची ठरलेली भाषा) बोलतात, व्हूफाइंडनं दोघांच्या नोंदी गोळा करून एका इंडेक्समध्ये टाकायच्या आणि पुस्तकं, प्रश्नपत्रिका एका डब्यात. मी दोन कॉलेजांत बसवून दिलंय, जुन्या आय-फाइव्हवर चालतं, एसएसडी मात्र टाका.


कपाट_नंबर_७ | मंगळवार, सकाळी ९:०५

कोहावाला, तुमचं ज्ञान मान्य, पण मॅडमनी लिहिलंय की त्या आणि एक परिचर. उद्या सोलर बंद पडलं (ते व्हूफाइंडच्या खालचं शोधयंत्र, छपरावरचं नव्हे) तर कोण बघणार? तुम्ही दोन कॉलेजांत बसवलंत, त्यातलं आज कितीत चालू आहे ते पण सांगा.


कोहावाला | मंगळवार, सकाळी ९:२०

एकात 😅 दुसऱ्यात सर्व्हरचा यूपीएस गेला तेव्हापासून कुणी चालूच केला नाही. बरोबर आहे सर तुमचं.


बर्फातला_मराठी | मंगळवार, रात्री ११:४५

इकडं अजून दुपार आहे म्हणून लिहितोय. मी कॅनडात एका विद्यापीठाच्या लायब्ररीत मेटाडेटाचं, म्हणजे पुस्तका-लेखांच्या नोंदींचं, काम करतो, मूळचा साताऱ्याचा. हे सगळं इकडं पंधरा-वीस वर्षांपूर्वी जोरात होतं, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठानं तर डीबीविझ नावाचं स्वतःचं फेडरेटेड सर्च लिहून फुकट वाटलं होतं. आम्ही आता डिस्कव्हरी वापरतो. पण शेल्फवाली ताई, तुम्हाला असली चीज बघायची असेल तर ती अजून चालू आहे. कार्ल्सरूहेचा केव्हीके शोधा, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे विद्यापीठाच्या लायब्ररीनं १९९६ मध्ये सुरू केलेला आभासी कॅटलॉग. त्याच्याकडं स्वतःचं एकही पुस्तक नोंदलेलं नाही. पानावर टिक करायच्या चौकटी आहेत, जर्मनीतले कॅटलॉग, ऑस्ट्रिया, स्विस, मग ब्रिटन, अमेरिका वगैरे. चार-पाच टिक करा, एक शब्द टाका, आणि नुसतं बघत बसा. कुठला आधी येतो, कुठला थकतो, कुठला चूक दाखवतो, सगळं डोळ्यांसमोर. त्यांनी उत्तरं एका गठ्ठ्यात कालवायचा प्रयत्नच केलेला नाही, ज्या कॅटलॉगची ती त्याच्या नावाखाली. माझ्या मते म्हणूनच तो टिकलाय. कपाट काकांच्या गोष्टीतला साहेब तिथं म्हणतो की पाच ढीग वेगळेच ठेवा, मी बघतो.

मोठ्या लायब्ररीही आता तेच करतात, त्याला बेंटो बॉक्स म्हणतात, जपानी जेवणाच्या डब्यावरून. पुस्तकं एका खान्यात, लेख दुसऱ्यात, लायब्ररीच्या वेबसाइटवरची पानं तिसऱ्यात. प्राचार्यांना डबाच पाहिजे ना, मग कप्प्यांचा द्या!

आता विकत घ्यायचंच ठरलं तर एक गोष्ट इकडं अनुभवानं कळलेली. डिस्कव्हरीच्या इंडेक्समध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते विचारायचं. हे इंडेक्स विकणाऱ्या कंपन्या स्वतःच डेटाबेसही विकतात, त्यामुळं एकीचा माल दुसरीच्या इंडेक्समध्ये पूर्ण जाईलच असं नसतं, यावरून इकडं वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी निसो या मानक संस्थेनं २०१४ मध्ये ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह नावाची शिफारस काढली, की कोणी काय दिलंय ते उघड सांगा. तर तुमच्या विक्रेत्याला एन-लिस्टमधल्या प्रकाशकांची नावं लिहून द्या आणि म्हणा, प्रत्येकापुढं लिहा, लेखाचा पूर्ण मजकूर शोधता, नुसता सारांश, का नुसतं शीर्षक. तोंडी उत्तर घेऊ नका. आणि मराठी किती आहे तेही विचारा, मला उत्तर माहितीय पण त्याच्या तोंडून ऐका.


रखडलेली_पीएचडी | बुधवार, सकाळी ८:३०

वापरणाऱ्याच्या बाजूनं बोलू का. पाचवं वर्ष चालू आहे. आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत असा डबा आहे, पहिल्या वर्षी ओरिएंटेशनला दाखवला, त्यानंतर मी तो उघडलेला नाही. स्कॉलरवर शोधते, शोधगंगेवर जुने प्रबंध बघते, आणि गाईड ज्यांचं नाव घेतात त्यांच्या लेखाच्या खालची संदर्भयादी बघते. २०२५ च्या जानेवारीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना आली, ३० प्रकाशक, १३ हजार जर्नलं, मस्त आहे, पण माझा विषय ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या सहकारी संस्था. मला लागतं ते जुन्या मराठी मासिकांत, स्मरणिकांत, संस्थांच्या अहवालांत. ते कुठल्याच डब्यात नाही. ते एका वाचनालयाच्या माळ्यावर आहे आणि तिथले काका सांगतात कुठल्या गठ्ठ्यात.


तळमजला | बुधवार, दुपारी ३:१५

वरच्या ताई म्हणतायत त्या काकांपैकीच मी एक समजा. शंभरी ओलांडलेल्या एका सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस जातो, पगार नाही, पुस्तकं संगणकावर चढवायचं काम. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दहा कॅटलॉग एकदम विचारणारं कितीही भारी यंत्र आणा, मराठी पुस्तकं शोधायची म्हटली की ते एकाच कॅटलॉगमध्ये पण तोंडावर पडतं. का ते सांगतो. "ॲ" हे अक्षर घ्या, ॲसिड, ॲक्ट, ॲटम. आमच्याकडं हे चार तऱ्हेनं टाइप झालेलं सापडलं. एक म्हणजे सलग "ॲ" हे स्वतंत्र अक्षर, ते युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात) आलंच मुळी २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याच्या आधीच्यांनी काय केलं, कुणी "अ" ला चंद्र लावला, कुणी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून लावला, आणि कुणी हिंदी पद्धतीचं "ऍ" वापरलं. पहिली तीन तर पडद्यावर डोळ्यांना सारखीच दिसतात! मशीनला ते चार वेगळे शब्द. आणि हे काही युनिकोडच्या नेहमीच्या नियमानं आपोआप एक होत नाहीत, तुम्हाला सांगावं लागतं की हे सगळे सारखे धर.

तसंच "दुसऱ्या", "साताऱ्याच्या", "ऱ्हस्व" वाला ऱ. कुणी खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ वापरला, कुणी साध्या र ला हलन्त आणि जोडचिन्ह दिलं. दिसतं एकच, शोधलं की निम्मी पुस्तकं गायब.

मग अनुस्वार. १९६२ ला शासनानं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम घेतले तोपर्यंत छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कांहीं, नांव, गांव असंच आहे. कॅटलॉग करणारा प्रामाणिक असेल तर जसं छापलंय तसं उतरवतो, घाईत असेल तर आजच्या पद्धतीनं काही, नाव, गाव. त्यामुळं एकाच पुस्तकाच्या तीन वाचनालयांत तीन नोंदी आणि तुमचं ते एकसारख्या नोंदी जुळवणारं यंत्र म्हणतं ही तीन वेगळी पुस्तकं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, जुळवणार कशावर?

आणि आमचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे २०११ पर्यंतच्या सहा हजार नोंदी युनिकोडमध्ये नव्हत्याच, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. फॉन्ट असलेल्या एका कॉम्प्युटरवर मराठी दिसायचं, बाकी सगळीकडं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. तो कॉम्प्युटर गेला तेव्हा कळलं.

बर्फातले भाऊ सांगतील, पण परदेशातल्या कॅटलॉगमध्येही मजा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीला ऑफिस आहे, १९६२ पासून पीएल-४८० च्या (अमेरिकेला धान्याच्या बदल्यात मिळालेल्या रुपयांतून पुस्तकं घ्यायच्या) योजनेत आपली मराठी पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांत ढिगानं गेली, कधीकधी इथं न मिळणारं तिकडं आहे. पण त्यांनी नोंदी केल्यात रोमन लिपीत, वर-खाली टिंबं-रेघा देऊन. देशपांडे आपण इंग्रजीत लिहितो तसं तिथं नाही, त्यात एच नसतो आणि स नंतर एक ए जास्तीचा असतो, "देशअपांडे" म्हटल्यासारखं. हे माहीत नसेल तर तुम्ही कोहातून झेड ३९.५० वर देवनागरीत शोधाल आणि म्हणाल अमेरिकेत मराठी पुस्तकंच नाहीत.

जाता जाता एक. शंकर गणेश दात्यांनी मराठी ग्रंथसूची केली, १८०० ते १९३७ आणि पुढच्या खंडात १९३८ ते १९५०, लायब्रऱ्या पालथ्या घालून हातानं नोंदी घेतलेल्या. कपाट सरांच्या भाषेत ती दुसरी खोली, सेंट्रल इंडेक्स. आमच्या इथं अजूनही वाचक एखादं जुनं पुस्तक विचारतो तेव्हा मी आधी दाते उघडतो, मग संगणक. दात्यांत चंद्र कसा टाइप केलाय याचा प्रश्न येत नाही.


बर्फातला_मराठी | बुधवार, रात्री ११:२०

अगदी बरोबर काका, तो एच नसलेला देशपांडे मी रोज टाइप करतो 🙂 हल्ली बऱ्याच नोंदींत रोमनच्या जोडीला देवनागरीही घालतात, पण जुन्या नोंदी आहेत तशाच.


कोहावाला | गुरुवार, सकाळी ७:४०

तळमजला काकांना दंडवत. मॅडम, यावर एक तांत्रिक मुद्दा. तुमच्या कोहाचं झेब्रा आयसीयूवर (युनिकोड समजणारी पद्धत) इंडेक्स करतंय का जुन्या सीएचआरवर (साधी अक्षरांच्या तक्त्याची पद्धत) ते बघून घ्या. देवनागरीला आयसीयू पाहिजे, नाहीतर वरचे सगळे घोळ दुप्पट होतात. आणि आयसीयूच्या फायलीत आपले नियम घालता येतात, की न दिसणारं जोडचिन्ह काढून टाक, ऍ आला की ॲ समज. बदललं की पूर्ण रीइंडेक्स करावं लागतं, २६ हजाराला फार वेळ नाही लागणार, पण दुपारी करू नका, संध्याकाळी लायब्ररी बंद झाल्यावर करा.


शेल्फवाली | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी एमलिबला शिकवलं असतं तर. आठवडाभरात काय काय केलं ते सांगते.

केव्हीके उघडला. एक इंग्रजी शीर्षक टाकलं, सहा कॅटलॉग टिक केले, चार पटापट आले, एक दहा-बारा सेकंदांनी, एकानं चूक दाखवली. परिचर मामा शेजारी उभे होते, म्हणाले, "मॅडम, हा आपल्या ऑफिससारखाच चाललाय की." त्यांना कपाट सरांची शिपायांची गोष्ट सांगितली तर म्हणाले त्या पाचव्या टेबलावरचा क्लार्क मला माहितीय.

मग कोहात झेड ३९.५० वर मराठी शीर्षक देवनागरीत टाकलं, शून्य. तेच रोमनमध्ये मनानं स्पेलिंग करून टाकलं, शून्य. मग तळमजला काकांच्या पद्धतीनं एच काढला आणि ए घातला, टिंबं-रेघा नाही दिल्या तरी आलं! तीन नोंदी. मी दीड वर्ष प्रत्येक मराठी पुस्तक हातानं भरतेय, त्यातल्या निदान काहींची तयार नोंद मिळाली असती. तेवढी मात्र चिडचिड झाली.

आणि मग जे करायला भीत होते ते केलं. आमच्या स्वतःच्या ओपॅकमध्ये "ॲक्ट" वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप करून शोधलं. सलग ॲ नं ४१ आली, अ ला चंद्र लावून १७, ऍ नं ९. जोडचिन्हवाला कसा टाइप करायचा ते मला जमलंच नाही. म्हणजे आमच्या कॉमर्सच्या मुलांनी आजपर्यंत कायद्याचं पुस्तक शोधलं तेव्हा प्रत्येकाला अर्धवट कपाट दिसलं, कुठलं ते त्याच्या मोबाइलच्या कीबोर्डवर अवलंबून.

विक्रेत्याला बर्फातल्या भाऊंनी सांगितली तशी यादी मेल केली, प्रत्येक प्रकाशकापुढं काय शोधता ते लिहा म्हणून, शेवटची ओळ "मराठी". उत्तर आलं, मॅडम एकदा परत डेमोला येतो, सर्व शंका दूर करू. यादी रिकामीच.

प्राचार्यांना कोऱ्या यादीची प्रिंट दाखवली. ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले क्वोटेशन सध्या राहू दे. लायब्ररीच्या वेबसाइटवर मी कप्प्यांचं एक पान करणार आहे, एका कप्प्यात आमचा ओपॅक, एकात डीस्पेस, एकात एन-लिस्टचा दरवाजा, एकात शोधगंगा, एकात राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, प्रत्येकाला आपापला शोधायचा डबा. दिसायला एक पान, आत पाच ढीग वेगळे. आयक्यूएसीच्या मॅडमनी विचारलं आता त्या ओळीपुढं काय लिहायचं, नवीन नमुन्यात ती ओळ तशी नाहीच आहे, पण विचारलं कुणी तर मी "नाही" म्हणणार. मागच्या वेळचं होय कुणाला खोडायला सांगणार नाही, सर भले माणूस आहेत.

कोहावाले, आमचं झेब्रा सीएचआरवरच आहे, बघितलं. तुम्ही सांगितलेलं आयसीयूचं करायला दिवाळीच्या सुट्टीत कुणाची तरी मदत घेईन. पण तोपर्यंत नोंदींमधलेच ऍ बदलून ॲ करता येतील का, एकदम? एक एक उघडून २६ हजार बघणं काही माझ्यानं होणार नाही.


कोहावाला | रविवार, रात्री ८:०५

होतंय की. कॅटलॉगिंगच्या टूल्समध्ये मार्क (नोंदीचा ठरलेला नमुना) मॉडिफिकेशन टेम्प्लेट म्हणून आहे, त्यात नियम लिहायचा, २४५ च्या ए मध्ये (शीर्षकाची जागा) हे दिसलं की ते घाल, आणि मग बॅच रेकॉर्ड मॉडिफिकेशनमधून ठरावीक नोंदींवर चालवायचं. आधी ती ऍ वाली ९ च घ्या, सगळी नाही. शीर्षक मुखपृष्ठावर छापलंय तसंच राहायला हवं की नाही यावर तळमजला काका भांडतील, पण ऍ आणि ॲ हा स्वर एकच आहे, त्यात वाद नाही, कांहीं-काहींना मात्र हात लावू नका, तिथं जुनं तसंच ठेवून २४६ मध्ये (पर्यायी शीर्षकाची जागा) आजचं रूप वेगळं घाला.

आणि आधी डेटाबेसचा बॅकअप. पेन ड्राइव्हवर घ्या, सर्व्हरवरच ठेवू नका. त्या यूपीएसवाल्या कॉलेजात बॅकअप सर्व्हरवरच होता.